खवट वर्ष

आमच्या गल्लीत पुन्हा शिंका सुरू झाल्या आहेत. सोलापूरच्या भवानी पेठेत उन्हाळा आला हे पंचांगात बघावं लागत नाही. होळी सरली की कोपऱ्यावरच्या डंखात, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, मिरच्या पडायला लागतात, कुटणाऱ्या लोखंडी मुसळांचा धमधमाट घराघरांतल्या मागांच्या खडखडाटात मिसळतो, आणि त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण, मग तो पुढारी असो की नवरदेव, नाकाला रुमाल लावून पळतो. मला हे दृश्य फार आवडतं. वर्षभर छाती काढून हिंडणारी माणसं महिनाभर डोळे पुसत हिंडतात. एवढा न्याय दुसरा कुठला ऋतू करत नाही.

हे दिवस काळ्या तिखटाचे. आमच्याकडे वर्षाचं तिखट एकदाच होतं आणि ते चार घरं मिळून करतात, कारण मोठी कढई एक, अंगण एक आणि डंखावरचा नंबरही एकच. उन्हात कडक वाळलेल्या मिरच्या, वाळवलेला कांदा, धने, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी आणि सुकं खोबरं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. भाजणं म्हणजे काय, हे आजकालच्या पुस्तकांत 'मंद आचेवर दोन मिनिटं' असं लिहितात. लिहिणाऱ्यांची मला कीव येते. धन्याला घड्याळ कळतं होय? धना भाजला की सांगतो, आणि सांगतो तो वासाने. तो ऐकायला नाक लागतं, आणि आमच्या चार घरांत ते नाक माझं होतं.

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. पण गल्लीत माझी ओळख त्याने झाली नाही. तिखटाच्या दिवशी कढईशेजारच्या पाटावर बसून मी "उतरव" म्हणायची, आणि मी म्हटल्याशिवाय कढई उतरायची नाही. खोबऱ्याची प्रत्येक वाटी फोडून आधी माझ्या हातात यायची. मी हुंगायची आणि उजवीकडे ठेवायची किंवा डावीकडे. डावीकडची गेली. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. हा मान मला कुणी दिला नव्हता, मी तो घेतला होता, आणि इतरांना नाकं असूनसुद्धा काही कळत नाही याची मला पुरेपूर खात्री होती.

शेजारची लक्ष्मीच घ्या. तिच्या घरी टॉवेलचे माग आहेत. घरात तेलुगू, दारात मराठी. सुताची कांजी, रंग आणि मागाचं तेल यांच्यात जन्म गेल्यावर हिला भाजलेलं आणि करपलेलं सारखंच, असं मी तिच्या तोंडावर म्हणायची. ती हसायची. प्रत्येक गोष्टीला हसणाऱ्या माणसांबद्दल मला कधी फारसा आदर वाटलेला नाही. दुसरी रुक्मिण. ती मंद्रूपहून येते, तिच्याच रानातल्या मिरच्या आम्ही घेतो. पोतं टाकून ती जात नाही. दिवसभर थांबून कढईत उलथणं फिरवते आणि संध्याकाळी आपला वाटा डब्यात भरून शेवटच्या गाडीने परतते. हात दणकट, जीभ त्याहून दणकट. घरची शेरडं-मेंढरं, त्यामुळे तिच्या नाकाबद्दल माझं मत काय असेल ते सांगायला नको.

आणि तिसरी माझी सून, अश्विनी. बँकेत नोकरी, सगळं वेळेवर, आणि पाकिटातला मसाला हा मसालाच असतो असं मानणारी पिढी. त्या पाकिटांवर बाईचं हसरं चित्र असतं. आत भुसा असतो. माझ्या स्वयंपाकघरात पाकीट आलं तर मी त्याच्या मागोमाग बाहेर जाईन, असं मी लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात तिला सांगून ठेवलं होतं.

तर असं नाकाने कांदे सोलत आयुष्य मजेत चाललं होतं. गेल्याच्या गेल्या थंडीत मला ताप आला. चार दिवसांचा, गल्लीत सगळ्यांना आला तसाच. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना माझा वास घेऊन गेली.

पहिले आठ दिवस मला कळलंच नाही. डोळे गेले तर अंधार होतो, कान गेले तर शांतता होते. वास गेला तर काहीच होत नाही, आणि तेच भयंकर आहे. सकाळी तव्यावरची भाकरी फुगते, पण ती फुगल्याचं फक्त दिसतं. नवं पुस्तक उघडलं तर नुसते कागद. नातवाला उचलून घेतलं, त्याच्या टाळूला नाक लावलं, तर एक गरम गोल वस्तू हातात आहे एवढंच समजलं. मी त्याला खाली ठेवलं आणि न्हाणीत जाऊन रडले. जेवणात खारट, आंबट, गोड, कडू आणि तिखटाची आग, एवढंच उरलं. वांग्याची भाजी आणि दोडक्याची भाजी यांतला फरक मी डोळ्यांनी ओळखायला लागले.

सांगितलं का कुणाला? नाही. का सांगायचं? आंधळ्याला लोक हात देतात, बहिऱ्याशी मोठ्याने बोलतात. नाक गेलेल्याला म्हणतात, "बरंय की, गटारीचा वास नको." हा विनोद मी नंतर इतक्या तोंडांतून ऐकला की सोलापुरात दुसरा विनोदच शिल्लक नसावा. शिवाय खरं कारण मला ठाऊक होतं. नाक गेलं म्हटल्यावर पाट गेला. मग मी कोण? रिटायर झालेल्या मराठीच्या बाई तर प्रत्येक गल्लीत दोन आहेत.

आणि माझं सोंग निभावून न्यायला मिरची मदतीला आली. गेल्या उन्हाळ्यात कढईत पहिली मिरची पडली, खकाणा उठला आणि सगळ्यांबरोबर मलाही ठसका लागला. डोळ्यांना धारा, नाकाला धारा, चार शिंका. मला वाटलं, आला! वास आला! मिरच्या संपेपर्यंत मी त्याच आनंदात होते. पुढे धने पडले आणि कढईतून काहीच आलं नाही. मी रंग बघितला. मनात आकडे मोजले. "उतरव," म्हटलं.

मग खोबरं. ते मीच दिवाळीत स्वस्त मिळालं म्हणून घेतलं होतं आणि माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं. वरून छताचा पत्रा, त्यावर सोलापूरचं ऊन. वाट्या फोडल्या तर आतून पिवळट. मी एक हातात घेतली, नाकाशी नेली, आणि मोठ्या रुबाबात उजवीकडे ठेवली. दुसरी उजवीकडे. सगळ्या उजवीकडे.

रुक्मिणीने एक उचलली आणि हुंगली.

"बाई, ह्येचा वास जरा येगळाच येतुया. खवट तर न्हाय झालं?"

त्या क्षणी "बघ गं तूच, मला कळत नाही" एवढे सहा शब्द बोलले असते तर वर्ष वाचलं असतं. मी काय बोलले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं.

"शेरडांच्या मुतात जन्म गेला तुझा. तू मला खोबऱ्याचा वास शिकवणार?"

लक्ष्मी हसलीसुद्धा नाही. रुक्मिणीने वाटी जिथून उचलली होती तिथे ठेवली आणि उलथणं हातात घेतलं. त्या दिवशी ती कमी बोलली. मला वाटलं, जिरली.

बरण्या भरल्या, वर हिंगाचे खडे ठेवले, तोंडाला फडक्याचे दादरे बांधले, आणि वर्षाची बेगमी झाली.

माझं सोंग फोडलं ते दुधाने. ज्येष्ठातली दुपार, मी गॅसशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेली, आणि आतल्या खोलीतून अश्विनी धावत आली. पातेलं काळं झालं होतं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. तिने पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदरी पडलेल्या सुनेने बोलावं तसं काहीही न बोलता दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीण पोरसवदा होती. मी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवली नाही. तिने नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं, मग डोळे मिटायला लावून एकामागून एक बाटल्या नाकाशी धरल्या. हा कशाचा वास? मी म्हटलं, कशाचाच नाही. हा? कशाचाच नाही. हा? काहीतरी आहे, पण काय ते सांगता येत नाही. बासष्टाव्या वर्षी मी तोंडी परीक्षेत नापास होत होते, आणि तीही लेकीच्या वयाच्या बाईसमोर.

"मावशी, वास जाण्याच्या पायऱ्या असतात," ती म्हणाली. "काहींना फिका येतो, काहींना अजिबात नाही, काहींना भलताच येतो. तुमचा पूर्ण गेलेला नाही. अगदी थोडा उरलाय. पण उरलाय हे चांगलं. ज्यांना थोडा तरी येतो, त्यांना परत येण्याची आशा जास्त."

"पण मिरचीचा तर येत होता," मी म्हटलं. "शिंका आल्या होत्या."

"ती झोंबण्याची नस. ती वेगळी आहे. वासाची वेगळी."

म्हणजे ज्या शिंकांवर मी माझी अब्रू टांगली होती, त्या दुसऱ्याच नसेच्या होत्या.

मी विचारलं, परत येणार का, हो की नाही? तिने शाळेतल्या हुशार मुलीसारखं उत्तर दिलं, म्हणजे सरळ दिलं नाही. नाकात कोंब किंवा सूज असती तर औषधाने, नाहीतर ऑपरेशनने लवकर फरक पडला असता. डोक्याला मार लागून गेला असता तर अवघड होतं. तापानंतर नस दुखावली असेल तर महिने लागतात, वर्ष, कधी दोन. काहींचा सगळा येतो, काहींचा अर्धामुर्धा, काहींचा येत नाही. "आणि लवकर आला असता तर बरं झालं असतं. सहा-सात महिने काय केलंत?"

सोंग केलं, असं काही मी तिला सांगितलं नाही.

तिने थोडे दिवस नाकात मारायचा फवारा दिला आणि एक गृहपाठ. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक बाटली थोडा वेळ हुंगायची आणि तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचं. येवो न येवो, आठवायचं. ह्याला उपचार म्हणतात! शिकून सवरून एवढी मोठी डिग्री घेतली आणि शेवटी सांगितलं काय, तर हुंगा. हे तर आमच्या दारातलं कुत्रंही करतं.

पण केलं. पावसाळाभर केलं. पाऊस सोलापुरावर उपकार केल्यासारखा चार दिवस येऊन गेला, सगळे म्हणाले मातीचा वास काय सुटलाय, आणि मी चार बाटल्या घेऊन खिडकीत बसले होते. मधल्या काळात बातमी फुटली होती, त्यामुळे सल्ले देणारे दार मोडून येत होते. एकाने गरम तूप नाकात सोडायला सांगितलं. एकीने भाजका कांदा बांधायला. समोरच्या गृहस्थांनी मोबाईलवर एका महाराजांचा व्हिडिओ पाठवला, ज्यात महाराज स्वतः गेंगाण्या आवाजात बोलत होते. आपलं नाक मात्र हे लोक कधी वापरत नाहीत. उदबत्ती, फिनेल आणि अत्तर यांपलीकडे वास असतो हे त्यांच्या गावीही नसतं. परमेश्वराने अशा माणसांना नाकं दिली आणि माझं काढून घेतलं, यावर मी महिना-दोन महिने मनापासून चिडले होते.

श्रावणात एका सकाळी लवंग आली. जराशी, दाराआडून कुणी डोकवावं तशी. मी बाटली खाली ठेवली, पुन्हा उचलली. होती. त्या दिवशी मी कुणालाच वाकडं बोलले नाही, असं अश्विनी म्हणते.

दिवाळीच्या सुमारास मात्र भलतंच सुरू झालं. वास यायला लागले, पण खोटे. कॉफीला जळक्या रबराचा. चकलीच्या तळणीला कुजक्या पाण्याचा. माझ्या स्वतःच्या उशीला न सांगण्यासारखा. डॉक्टरीण फोनवर चक्क खूश झाली. "नस जुळायला लागली की काही दिवस असं होतं, मावशी. चांगलं लक्षण आहे." चांगल्या लक्षणाने मी पाच किलो उतरले.

संक्रांतीनंतर एकेक वास जागेवर यायला लागला. लिंबू लिंबासारखं झालं. कॉफी अर्धी सुधारली. गरम भाकरीचा वास आला त्या दिवशी मी ती खाल्लीच नाही, नुसती नाकाशी धरून बसले. फक्त एक वास सुधारेना. तिखटाची बरणी उघडली की खवट यायचा. रोज उघडायची, रोज खवट. बाकीचं सगळं घर नीट आणि ती एक बरणी तेवढी वाईट. मी स्वतःच्या नाकाला शिव्या घातल्या. ज्या तिखटावर माझा जीव, नेमकं तेच ह्या मेल्याला कळू नये?

लक्ष्मीला बोलावलं. बरणी तिच्या नाकाखाली धरली. "खरं सांग, कसा येतो वास?"

तिने हुंगलं. "चांगला हाय की अक्का."

झालं. म्हणजे नाकच खोटं. कांजीत मुरलेल्या बाईचं खरं धरायची पाळी माझ्यावर आली होती.

परवा रुक्मिण यंदाच्या मिरच्यांचं पोतं घेऊन आली. मी तिला पाणी दिलं आणि चार दिवस पाठ केलेलं वाक्य बोलून टाकलं. "यंदा मी पाटावर बसत नाही. माझं नाक अजून बरं नाही. आपलंच तिखट मला खवट येतं."

तिने तांब्या खाली ठेवला.

"नाकाला कशाला बोल लावता? त्ये खवटच हाय की बाई."

मी फळीवरची बरणी आणून तिच्यापुढे ठेवली.

"खोबरं त्याच दिवशी खवट हुतं. म्या म्हनले तर तुमी मला शेरडाची काडली."

"मग नेलंस कशाला? टाकून द्यायचं!"

"टाकायचं व्हय? मिरच्या माज्या रानातल्या हुत्या. लई खवट लागायचं. पर खाल्लं."

एकाच वेळी मला आनंदही झाला आणि लाजही वाटली. नाक खरं बोलत होतं. महिनाभर खरं बोलत होतं. आणि ते काय बोलत होतं, तर मी चार घरांचं वर्ष नासवलं.

दारात अश्विनी उभी होती. तिने मान खाली घातली आणि तीही बोलली. तिने आमच्या बरणीतलं तिखट जेमतेम आठ दिवस वापरलं होतं. त्यानंतर घरात पाकीट होतं, तिच्या कपाटात, साड्यांच्या मागे. म्हणजे वर्षभर मी त्या हसऱ्या बाईचा भुसा ओरपत होते, आणि वर "घरच्या तिखटाची सर कशालाच नाही" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. मी आयुष्यभर ज्यांना नाकं नाहीत म्हणून हसले, त्या सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं फक्त मला. वास न येणं हे एक वेळ आजारपण. पण दुसऱ्याला येतोय हे ऐकून न घेणं, त्याला कुठली बाटली हुंगायची?

रुक्मिणीची मी माफी मागितली. नीट मागितली, शब्द गिळले नाहीत. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. देठं काडायला बसा हितं." मी बसले.

काल दुपारी मी मोठा डबा घेऊन निघाले. ठरवलं होतं, चारही घरांतलं उरलेलं खवट तिखट गोळा करायचं आणि स्वतःच्या हाताने टाकायचं. पहिल्या घरी म्हणाले, संपलं. दुसऱ्या घरी म्हणाले, संपलं. मला वाटलं, टाकलं असणार आणि तोंडदेखलं सांगतायत. मी असते तर तेच केलं असतं.

लक्ष्मीकडे गेले. जेवणाची वेळ होती. माग बंद होते, ती चुलीपुढे बसली होती आणि मांडीवर तिखटाची बरणी आडवी धरून चमच्याने तळ खरवडत होती. फोडणीत तिखट पडलं आणि मला वास आला. खवट, स्वच्छ खवट, कुठलीही शंका नाही.

"अक्का, या या," ती म्हणाली. "एवढंच राहिलं होतं. आजचं झालं की बरणी घासून उन्हात ठेवते, नव्याला."

"लक्ष्मी, मला सगळं कळलंय. तू खोटं का बोललीस?"

तिने आमटी ढवळली. ह्या वेळी ती हसली नाही.

"दरवर्षी तुमी डोळे मिटून वास घेता अक्का. गेल्या वर्षी खोबऱ्याच्या वेळी तुमी डोळे उघडे ठेवून आमच्याकडं बघत होता. भ्यालेल्या होता तुमी. परवा बरणी धरलीत तेव्हा पण तशाच. मग काय बोलायचं?"

मी डबा दाराशी ठेवला. तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"मला वाढ," मी म्हटलं.

"नको अक्का. तुम्हाला आता वास येतो."

"वाढ."

तिने ताट घेतलं, भाकरी ठेवली, वाटीत आमटी घातली. पहिल्या घासालाच जीभ मागे सरली. असलं अन्न दुसऱ्या कुणी माझ्यापुढे ठेवलं असतं तर मी ताट ढकलून उठले असते, वर दोन शब्द सुनावून. हे त्यांनी रोज खाल्लं होतं. पाव्हण्यांना वाढलं होतं, लेकरांना भरवलं होतं, आणि रस्त्यात मी दिसले की "अक्का, जेवलात का" म्हणून विचारलं होतं. मी वाटी पुसून खाल्ली. भाकरी संपली तेव्हा आणखी अर्धी मागितली.

लक्ष्मीने अर्धी वाढली. आमटी तिने स्वतःसाठी ठेवलेली होती, तीही माझ्या वाटीत ओतायला लागली. मी तिचा हात धरला, आणि मग आम्ही दोघींनी ती वाटून खाल्ली.